आम्ल कोणाला म्हणावे?

आठवीच्या वर्गात आम्ल म्हणजे आंबट चवीचा, निळा लिटमस तांबडा करणारा पदार्थ असतो. दहावीपर्यंत त्याची ओळख पाण्यात हायड्रोजन आयन सोडणारे संयुग अशी होते. अकरावी-बारावीला ते प्रोटॉन देऊ लागते आणि दोनच पाने उलटली की इलेक्ट्रॉनांची जोडी घेऊ लागते. बी.एस्सी.च्या असेंद्रिय रसायनात ऑक्साइड आयन घेणारेही आम्ल ठरते, शिवाय आम्लांत कठीण कोण आणि मृदू कोण हे वेगळे शिकावे लागते. दर वेळी नवी व्याख्या फळ्यावर येण्याआधी जुनीच्या मर्यादा लिहून दिल्या जातात आणि परीक्षेत गुण असतात ते त्या मर्यादांना. मुलांचा समज मग असा होतो की आधी शिकवले ते चूक होते, आता शिकवतात ते बरोबर आहे, आणि पुढच्या वर्षी कदाचित हेही चूक निघेल.

हा समज दूर व्हावा म्हणून हे पुस्तक लिहिले आहे. आम्ल आणि आम्लारी यांच्याविषयी गेल्या अडीचशे वर्षांत जे प्रमुख सिद्धांत मांडले गेले, त्यांपैकी सरळ खोटा म्हणावा असा एकच निघाला, तो लव्हाझिएचा. तो खोटा ठरू शकला, कारण त्याने निसर्गाविषयी एक ठाम विधान केले होते आणि ते प्रयोगाने तपासता येत होते. नंतरच्या सिद्धांतांच्या पोटात दोन गोष्टी असतात: पदार्थ काय करतो याचे निरीक्षण, आणि त्यांपैकी कोणत्या वागण्याला आम्लपणा म्हणायचे याचा निर्णय. निरीक्षण खरे-खोटे करता येते. निर्णय खरा-खोटा नसतो. तो एखाद्या कामाला उपयोगी पडतो किंवा पडत नाही. व्याख्या वाचताना ती कोणी, कोणत्या भट्टीसमोर किंवा कोणत्या द्रावकात हात घालून केली, हे कळले की तिचा उपयोग कुठे आणि कुठे नाही हे आपोआप कळते. पुढची सगळी प्रकरणे याच धाग्याने बांधली आहेत.

निरीक्षण सिद्धांतापेक्षा फार जुने आहे. रॉबर्ट बॉइलने 1664 साली रंगांवरच्या आपल्या ग्रंथात व्हायोलेट फुलांचा अर्क आम्लाने लाल आणि अल्कलीने हिरवा होतो असे नोंदवले आणि रंगबदलाला पदार्थ ओळखण्याचे साधन बनवले. आपल्याकडे हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो हे प्रत्येक घराला ठाऊक आहे, आणि हळदीला चुना लावून कुंकवाचा रंग आणण्याची रीत त्याच गुणावर उभी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात वनस्पतींची राख आणि चुना यांपासून दाहक क्षार, म्हणजे आजच्या अर्थाने तीव्र अल्कली, तयार करण्याची सविस्तर कृती आहे. मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण अशा त्याच्या प्रती सांगितल्या आहेत, तो लोखंडी भांड्यात ठेवावा असे म्हटले आहे, आणि क्षाराने पोळलेल्या जागेवर आम्ल लावण्याचा उपचारही दिला आहे. स्वतः दाहक असलेले आम्ल क्षाराचा दाह कसे शमवते, हा प्रश्न तिथे उघड विचारला आहे. संहितेने त्याचे उत्तर रसांच्या भाषेत दिले: आम्लाच्या संगतीत क्षार तीक्ष्णपणा सोडतो आणि मधुर होतो. उदासिनीकरणाचे इतके जुने आणि इतके नेमके वर्णन वाचताना मला आजही आदर वाटतो. मात्र त्याला आधुनिक सिद्धांताचा पूर्वज ठरवण्याचा मोह मी टाळला आहे. हाताचे ज्ञान आणि त्यामागच्या रचनेचे ज्ञान यांत अंतर आहे आणि ते राखण्यातच दोघांचा मान आहे.

आता लव्हाझिए. गंधक, फॉस्फरस आणि कोळसा हवेत जाळले तर जे बनते त्याचे पाण्यातले द्रावण आम्लधर्मी असते, हे त्याने अत्यंत काटेकोर वजने करून दाखवले. यावरून त्याने सर्व आम्लांत समान असा एक घटक आहे असे अनुमान काढले आणि आम्ल निर्माण करणारा या अर्थाने त्या घटकाला ऑक्सिजन हे नाव दिले. मीठ आणि गंधकाम्ल यांपासून मिळणारे म्युरिएटिक आम्ल, म्हणजे आजचे हायड्रोक्लोरिक आम्ल, या चौकटीत बसवताना त्याने एक अज्ञात मूलद्रव्य गृहीत धरले. 1789 सालच्या ग्रंथातल्या मूलद्रव्यांच्या यादीत ते म्युरिएटिक मूलक म्हणून हजर आहे. त्याला जागा दिली होती, फक्त ते अजून सापडायचे होते.

पुढे जे झाले ते विज्ञानाच्या इतिहासातले फार शिकवणारे प्रकरण आहे, म्हणून पुस्तकात त्याला सर्वांत जास्त पाने दिली आहेत. म्युरिएटिक आम्ल आणि मँगेनीज डायऑक्साइड यांपासून शीलेने 1774 साली एक पिवळसर हिरवा वायू मिळवला होता. बर्थोलेने 1785 साली दाखवले की या वायूचे पाण्यातले द्रावण उन्हात ठेवले तर ऑक्सिजन निघतो. यावरून हा वायू म्हणजे आणखी ऑक्सिजन घेतलेले म्युरिएटिक आम्ल, हे अनुमान अगदी रास्त दिसत होते. तो ऑक्सिजन पाण्यातून आलेला असू शकतो, ही शंका सिद्धांताच्या वजनाखाली दबून राहिली. हम्फ्री डेव्हीने त्या वायूत कोळसा विजेच्या साहाय्याने पांढराशुभ्र तापवला. वायूत ऑक्सिजन असता तर कोळशाने तो घेतलाच असता. तसे काही झाले नाही. 1810 साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांगितले की हा वायू स्वतःच मूलद्रव्य आहे, आणि त्याच्या रंगावरून त्याला क्लोरिन म्हटले. म्हणजे म्युरिएटिक आम्लात होते फक्त हायड्रोजन आणि क्लोरिन. 1815 साली गे-ल्युसॅकने प्रुसिक आम्लातही ऑक्सिजन नसल्याचे दाखवले. लव्हाझिए हे पाहायला नव्हता. 8 मे 1794 रोजी पॅरिसमध्ये गिलोटिनखाली त्याचा अंत झाला होता. त्याचा सिद्धांत मोडला, पण तो मोडता येईल इतक्या स्पष्ट शब्दांत मांडलेला होता, आणि हे श्रेय लहान नाही.

डेव्हीनंतर नजर हायड्रोजनकडे वळली. धातूला ज्याची जागा घेता येते असा हायड्रोजन ज्यात आहे ते आम्ल, असे लीबिगने 1838 साली म्हटले. कामापुरती ही व्याख्या उत्तम होती, पण तो हायड्रोजन इतर हायड्रोजनांहून वेगळा का वागतो, हे तिला सांगता येत नव्हते. ते उत्तर उप्साला विद्यापीठातल्या स्वांते अऱ्हेनिअसने दिले. 1884 सालच्या त्याच्या प्रबंधाला परीक्षकांनी इतका खालचा दर्जा दिला की विद्यापीठात अध्यापक होण्याची त्याची वाट जवळजवळ बंद झाली. ओस्टवाल्डने मात्र त्याचे मोल ओळखले आणि त्याला भेटायला तो स्वतः उप्सालाला गेला. 1903 साली याच कामासाठी अऱ्हेनिअसला रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. वर्गात त्याची व्याख्या सांगितली जाते, तिच्यामागचा पुरावा क्वचित सांगितला जातो. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड घ्या, नाहीतर नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड घ्या. विरल द्रावणात उदासिनीकरणाची उष्णता दर मोलला सुमारे 57 किलोज्यूलच भरते. चारही पदार्थ वेगळे असताना उष्णता एकच, याचा अर्थ प्रत्यक्ष घडणारी अभिक्रिया एकच: हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन यांचे पाणी होणे. पाण्याच्या राज्यात अऱ्हेनिअस आजही पूर्ण खरा आहे. नदीच्या पाण्याचा किंवा शेतातल्या मातीचा सामू मोजणाऱ्याला त्याच्यापुढे जायची गरज पडत नाही.

पण पाणी हे एकच द्रावक नव्हे. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडवर्ड फ्रँकलिन उणे 33 अंश सेल्सियसला उकळणाऱ्या द्रव अमोनियात रसायने विरघळवत होता, आणि पाण्यातल्या रसायनशास्त्राचे जणू दुसरे संपूर्ण रूप त्याच्यासमोर उलगडत गेले. पाण्यात आम्लाचे जे काम, ते तिथे अमोनियम क्लोराइड करते; मॅग्नेशियम टाकले तर हायड्रोजन बाहेर पडतो. आम्लारीची भूमिका पोटॅशियम अमाइडकडे जाते आणि फिनॉल्फ्थॅलिन त्यात लाल होते. पाण्यात झिंक हायड्रॉक्साइड जास्तीच्या अल्कलीत विरघळते, तसे तिथे झिंक अमाइड जास्तीच्या पोटॅशियम अमाइडमध्ये विरघळते. 1905 साली त्याने यातून द्रावक-व्यवस्थेचा सिद्धांत मांडला: द्रावकाच्या स्वतःच्या विचरणातून जो धन आयन मिळतो तो वाढवणारे ते आम्ल, ऋण आयन वाढवणारी ती आम्लारी. आपल्या अभ्यासक्रमात हा सिद्धांत चार ओळींत उरकला जातो. मला तो फार प्रिय आहे, कारण पाण्याला दिलेला विशेष दर्जा काढून घेतल्यावर काय उरते हे त्याने पहिल्यांदा प्रयोगाने दाखवले.

1923 हे वर्ष या विषयाचे मोठे वर्ष. कोपनहेगनमध्ये ब्रॉन्स्टेड आणि केंब्रिजमध्ये लॉरी, दोघांनी एकमेकांशी संबंध न येता एकाच सुमारास सांगितले की आम्ल प्रोटॉन देते आणि आम्लारी तो घेते. वरवर पाहता हा अऱ्हेनिअसचाच विस्तार वाटतो, पण यात विचाराची दिशा बदलली आहे. आम्लपणा आता पदार्थाच्या अंगचा गुण राहिला नाही, ते नाते झाले. कोणी स्वतःहून मामा नसतो. भाचा असतो म्हणून तो मामा, आणि तोच माणूस आपल्या मामाचा भाचा. पाणी अमोनियासमोर आम्ल आहे, हायड्रोजन क्लोराइडसमोर आम्लारी आहे. शुद्ध गंधकाम्लात नायट्रिक आम्ल चक्क प्रोटॉन घेते, म्हणजे आम्लारीसारखे वागते.

याच दृष्टीतून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. परक्लोरिक, हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक ही तिन्ही आम्ले पाण्यात सारखीच तीव्र दिसतात, कारण पाणी तिघांचाही प्रोटॉन जवळजवळ पूर्ण काढून घेते. पाणीविरहित ॲसेटिक आम्लात तीच तीन आम्ले घातली की त्यांच्यातला फरक दिसू लागतो आणि परक्लोरिक पुढे निघते. औषधांच्या तपासणीत दुर्बल आम्लारींचे अनुमापन ॲसेटिक आम्लात परक्लोरिक आम्लाने करतात त्याचे कारण हेच आहे. फार्मसीच्या विद्यार्थ्यांनी हा भाग मुद्दाम वाचावा.

त्याच 1923 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीहून गिल्बर्ट न्यूटन लुईसने आपल्या पुस्तकात इलेक्ट्रॉनांच्या जोडीची व्याख्या दिली आणि जवळजवळ कोणी तिच्याकडे पाहिले नाही. 1938 साली त्याने विषय पुन्हा हाती घेतला, आणि तो ज्या रीतीने घेतला ती रीत प्रत्येक शिक्षकाने अभ्यासावी अशी आहे. त्याने सुरुवात व्याख्येपासून केली नाही. आम्ल-आम्लारी म्हणून आपण ज्यांना ओळखतो ती वागतात कशी, हे त्याने आधी विचारले. त्यांची एकमेकांशी अभिक्रिया चटकन होते. तीव्र आम्ल दुर्बल आम्लाला हटवते. दर्शकाच्या साहाय्याने त्यांचे अनुमापन करता येते. ती उत्प्रेरकाचे काम करतात. मग त्याने हायड्रोजनचा लवलेश नसलेले बोरॉन ट्रायक्लोराइड आणि स्टॅनिक क्लोराइड पाणी नसलेल्या द्रावकांत घेऊन पिरिडिनसारख्या आम्लारींबरोबर अनुमापन केले. क्रिस्टल व्हायोलेटने तोच रंगबदल दाखवला जो हायड्रोजन क्लोराइडच्या वेळी दाखवला होता. ब्युरेट आणि दर्शक यांना फरक कळत नसेल तर व्याख्येने तो का करावा, असा हा युक्तिवाद आहे. ऑक्सिडीकारक म्हणजे ऑक्सिजन असलेलाच पदार्थ, ही अट रसायनशास्त्राने कधीच सोडली. आम्लाला हायड्रोजनची अट तितकीच जाचक आहे, असे लुईसचे म्हणणे होते. ते मान्य केले की अमोनिया आणि बोरॉन ट्रायफ्लोराइड यांचा संयोग, फ्रिडेल आणि क्राफ्ट्स यांच्या अभिक्रियेतले ॲल्युमिनियम क्लोराइड, आणि वेर्नरने 1893 पासून उलगडलेली धातूंची संमिश्रे हे सगळे एका छपराखाली येते. असेंद्रिय रसायनाचा विद्यार्थी ज्याला संमिश्र म्हणतो त्यात धातूचा आयन हे आम्ल आणि भोवतालचे रेणू ही आम्लारी.

तरीही पोलादाच्या भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाला लुईसची भाषा सोयीची नाही. बेसेमरच्या पद्धतीने लोखंडातला कार्बन जळून जाई, पण फॉस्फरस तसाच राही आणि पोलाद थंडपणी ठिसूळ होई. युरोपातल्या लोखंडाच्या धातुकांपैकी कितीतरी फॉस्फरसयुक्त असल्याने निरुपयोगी ठरली होती. यावर उपाय काढला तो लंडनच्या एका पोलीस कोर्टात कारकुनी करणाऱ्या आणि संध्याकाळच्या वर्गांना जाऊन रसायनशास्त्र शिकणाऱ्या सिडनी गिलख्रिस्ट थॉमसने. भट्टीचे अस्तर सिलिकायुक्त, म्हणजे आम्लधर्मी आहे, म्हणून फॉस्फरसच्या आम्लधर्मी ऑक्साइडला धरून ठेवणारे काही भट्टीत टिकत नाही, हे त्याने ओळखले. वेल्समधल्या ब्लेनाव्हन कारखान्यात रसायनतज्ज्ञ असलेल्या पर्सी गिलख्रिस्ट या मामेभावाच्या मदतीने त्याने डोलोमाइटचे आम्लारीधर्मी अस्तर करून पाहिले आणि चुना घातला. फॉस्फरस धातुमळीत गेला. 1878 साली लोखंड-पोलाद तज्ज्ञांच्या सभेत त्याने हे सांगितले तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढच्याच वर्षी मिडल्सबरोच्या प्रात्यक्षिकानंतर युरोपभरचे कारखानदार त्याच्या मागे लागले. उरलेली धातुमळी दळून शेतात खत म्हणून वापरली जाऊ लागली. थॉमस 1885 साली, वयाच्या अवघ्या 34व्या वर्षी गेला.

भट्टीत पाणी नाही, प्रोटॉन नाही, तरी आम्ल-आम्लारीचा व्यवहार चालू आहे. त्याला नेमके शब्द 1939 साली लक्सने आणि 1947 साली फ्लूडने दिले: ऑक्साइड आयन देणारी ती आम्लारी, घेणारे ते आम्ल. चुना देतो, सिलिका आणि फॉस्फरसचे ऑक्साइड घेतात. झोतभट्टी, सिमेंट आणि काच या तिन्हींचे रसायन या एका ओळीत मावते. इथे लुईसची व्याख्या लावता येत नाही असे नाही, पण लावून हाती काही नवे येत नाही. 1939 सालीच उसानोविचने सर्वांना पोटात घेणारी व्याख्या केली. तिच्यात ऑक्सिडीकरणही आले, आणि सगळेच आत आल्यामुळे तिने काही वेगळे दाखवायचे उरले नाही. पुस्तकात तिला एक पान आहे.

आम्ल आणि आम्लारी जोडतात हे कळल्यावर प्रश्न उरतो, कोण कोणाशी जोडते? सिल्व्हर फ्लोराइड पाण्यात सहज विरघळते, सिल्व्हर आयोडाइड जवळजवळ विरघळतच नाही. लिथियमच्या बाबतीत बरोबर उलटे: त्याचे आयोडाइड विरघळते, फ्लोराइड हट्टाने तळाशी बसते. नुसत्या तीव्रतेने याचा उलगडा होत नाही. 1963 साली राल्फ पिअरसनने सुचवले की लहान, जास्त प्रभाराचे, इलेक्ट्रॉनांचा ढग घट्ट धरून ठेवणारे ते कठीण; मोठे, ज्यांचा ढग सहज विरूप होतो ते मृदू; आणि कठीण कठीणाशी, मृदू मृदूशी जमवून घेतो. पृथ्वीच्या कवचात हे नियम कोरलेले आहेत. ॲल्युमिनियम आणि लोखंड ऑक्सिजनशी बांधलेले सापडतात, पारा आणि शिसे गंधकाशी. कोल्हापूर-रत्नागिरीकडच्या जांभ्याच्या पठारांत पावसाने सिलिका धुऊन नेली आणि मागे उरली ती लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे. तिथले बॉक्साइट त्यातलेच. उलट पाऱ्याचे धातुक म्हणजे हिंगूळ, पारा आणि गंधक यांचे संयुग. आपल्या वैद्यांनी पारा आणि गंधक खलून केलेली काळी कज्जली हेही तेच मीलन. शरीरात गेलेला पारा प्रथिनांमधल्या गंधकाला जाऊन चिकटतो, आणि त्याचे विषारीपण बऱ्याच अंशी यातच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्डमध्ये आर्सेनिकयुक्त युद्धवायूवर उतारा म्हणून तयार झालेल्या डायमरकॅप्रॉलच्या रेणूत गंधकाचे दोन गट आहेत. मृदू धातूला ते प्रथिनापासून सोडवून घेतात. पिअरसनचे तत्त्व नंतरचे, उतारा आधीचा. तत्त्वाने तो का लागू पडतो हे सांगितले.

कधी दोन व्याख्या एकाच चंबूत हातात हात घालून काम करतात. फ्लुओरोसल्फ्युरिक आम्ल प्रोटॉन देणारे. अँटिमनी पेंटाफ्लोराइड इलेक्ट्रॉनांची जोडी घेणारे. दोन्ही एकत्र केले की दुसरे पहिल्याचा ऋण आयन घट्ट धरते आणि मोकळा प्रोटॉन इतका आक्रमक होतो की शुद्ध गंधकाम्ल त्यापुढे सौम्य वाटावे. जॉर्ज ओलाह यांच्या प्रयोगशाळेत 1966 साली एका संशोधकाने ख्रिसमसच्या मेणबत्तीचा तुकडा यात टाकला, तर मेणही विरघळले आणि त्यातून कार्बोकॅटायनचा वर्णपट मिळाला. ओलाह यांना 1994 साली नोबेल मिळाले ते अशा कार्बोकॅटायनांच्या अभ्यासासाठी. ब्रॉन्स्टेड की लुईस, असा प्रश्न या चंबूला विचारता येत नाही.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडे. प्रकरणे कालक्रमाने आहेत, पण प्रत्येकाच्या आरंभी त्या शास्त्रज्ञापुढचा प्रश्न दिला आहे आणि व्याख्या शेवटी येते. वाचकाने मधल्या पानांत ती स्वतः करून पाहावी अशी अपेक्षा आहे. गणिते अऱ्हेनिअस आणि ब्रॉन्स्टेडच्या प्रकरणांत जास्त आहेत, भट्टीच्या प्रकरणात जवळजवळ नाहीत. क्षार हा शब्द मीठवर्गाच्या अर्थाने शाळेत रुळलेला असला तरी सुश्रुताचा क्षार वेगळा असल्याने मी मीठवर्गासाठी सर्वत्र लवण वापरले आहे.

शेवटचे प्रकरण अपुरे आहे आणि ते तसेच ठेवले आहे. प्रोटॉन देणाऱ्या आम्लांची तीव्रता एका पट्टीवर मांडता येते. लुईसच्या आम्लांना तशी एक पट्टी नाही. कोणती आम्लारी समोर ठेवून मोजता यावर क्रम बदलतो. ड्रॅगो आणि गुटमन यांनी संख्यांनी हे पकडण्याचे जे प्रयत्न केले ते त्या प्रकरणात आहेत. साधे उदाहरण बोरॉनच्या हॅलाइडांचे. फ्लोरिन इलेक्ट्रॉन सर्वांत जास्त ओढतो, तेव्हा ट्रायफ्लोराइड सर्वांत तीव्र आम्ल असायला हवे. पिरिडिनबरोबर मोजले तर ते सर्वांत दुर्बल निघते आणि ट्रायब्रोमाइड सर्वांत तीव्र. पाठ्यपुस्तके सांगतात की फ्लोरिन आपली इलेक्ट्रॉनजोडी बोरॉनच्या रिकाम्या कक्षकाला अंशतः देतो, म्हणून बोरॉनची भूक कमी होते. गेल्या काही दशकांतल्या संगणकीय अभ्यासांनी या स्पष्टीकरणावर गंभीर शंका घेतल्या आहेत. दोन्ही बाजूंचे आकडे मी शेजारी-शेजारी दिले आहेत, आणि वाचकाने आपला कौल देण्याआधी ते सगळे स्वतः तपासावेत.